दुहेरी पडताळणीसाठी स्वतःचा व्हर्च्युअल सर्व्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या पतसंस्था, जिनिंग-प्रेसिंग, दालमिल, केळीच्या पेढ्या, सीएंची कार्यालयं यांतल्या बऱ्याच ठिकाणी मांडणी सारखीच असते. ऑफिसात एक विंडोज संगणक, त्यावर टॅली किंवा पतसंस्थेचं सॉफ्टवेअर, आणि मालक, मुनीम, शाखेतली माणसं बाहेरून त्यावर लॉगिन करतात. मध्ये उभा असतो फक्त एक पासवर्ड. त्याच्या जोडीला मोबाइलवरचा सहा आकडी कोड लावायचा, आणि तो तपासणारा सर्व्हर आपल्याच हातात ठेवायचा, तर काय काय लागतं ते इथे लिहिलं आहे.

पासवर्ड कडक ठेवला तर पुरत नाही का?

नाही. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हा पोर्ट इंटरनेटकडे उघडा असेल, तर तो शोधणारे प्रोग्राम दिवसरात्र फिरत असतात आणि पासवर्डांच्या याद्या लावून बघतात. पोर्टचा आकडा बदलला तर ते थोडे उशिरा पोचतात, एवढंच. शिवाय पासवर्ड फुटतो तो बहुतेक वेळा अंदाजानं नाही. तो दुसऱ्या कुठल्या साइटवरही तोच ठेवलेला असतो, ब्राउझरमध्ये साठवलेला असतो किंवा चौघांना माहीत असतो. एकदा आत शिरला की हल्लेखोर डेटा कुलूपबंद करतो आणि खंडणी मागतो. त्याच संगणकाला बॅकअपची हार्डडिस्क कायम जोडलेली असेल तर तीही जाते.

म्हणून पहिलं काम ३३८९ बाहेरून बंद करण्याचं. त्याच्यापुढे व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये येण्याचा कूटबद्ध बोगदा, आणि व्हीपीएनच्या दारात पासवर्ड व कोड दोन्ही.

हा कोड तयार कसा होतो? इंटरनेटवरून येतो का?

येत नाही. हे समजलं की पुढच्या निम्म्या अडचणी आपोआप उलगडतात, म्हणून थोडं सविस्तर.

नोंदणीच्या वेळी सर्व्हर एक गुपित किल्ली बनवतो, साधारण १६० बिटांची, म्हणजे लिहिली तर ३२ अक्षरं. क्यूआर कोडमधून ती मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये जाते. त्यानंतर दोघांचा एकमेकांशी काही संबंध राहत नाही. दोघंही आपापल्या घड्याळात बघतात, १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ते मोजतात, त्याला ३० ने भागतात, आणि तो आकडा व किल्ली एकत्र घुसळून सहा अंक काढतात. उदाहरणार्थ, १ जानेवारी २०२५ ला आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले तेव्हा १,७३,५६,८९,६०० सेकंद झाले होते. भागिले ३०, म्हणजे ५,७८,५६,३२०. पुढचे तीस सेकंद मोबाइल आणि सर्व्हर हाच आकडा वापरतात, म्हणून दोघांचं उत्तर जुळतं. ही पद्धत आरएफसी ६२३८ म्हणून २०११ पासून प्रमाण आहे. तिला टीओटीपी म्हणतात.

गणितात फक्त दोन गोष्टी आहेत, किल्ली आणि वेळ. कोड चुकला तर या दोहोंपैकी एक बिघडलेली असते.

धडगाव-तोरणमाळकडे रेंज नसते. तिथल्या माणसानं काय करायचं?

कोड बनवायला रेंज लागत नाही, फ्लाइट मोडमध्येही तो बनतो. लॉगिनसाठी इंटरनेट लागेल ते वेगळं. फक्त एक काळजी घ्यायची: बरेच दिवस नेटवर्कबाहेर असलेल्या मोबाइलचं घड्याळ थोडं सरकतं. कोणी हातानं वेळ पाच मिनिटं पुढे करून ठेवली असेल, तर कोड हमखास चुकतो.

मग एसएमएसनं ओटीपी पाठवणं सोपं नाही का?

वापरणाऱ्याला सोपं, चालवणाऱ्याला अवघड. भारतात व्यवसायानं एसएमएस पाठवायचा तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे डीएलटी या नोंदणी-व्यवस्थेवर संस्थेची, हेडरची (पाठवणाऱ्याच्या नावाची) आणि मजकुराच्या साच्याची नोंदणी करावी लागते. साच्यापेक्षा मजकूर वेगळा गेला की संदेश अडतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात एसएमएस दहा मिनिटांनी पोचला, तर कोडची मुदत संपलेली असते. आणि दुसऱ्यानं तुमच्या नंबरचं सिम काढून घेतलं की कोड त्याच्याकडे जातो. आमचं मत स्पष्ट आहे: दहा-पन्नास माणसांच्या ऑफिसला एसएमएसची वाट धरू नये.

सर्व्हर व्हर्च्युअलच का? आणि मशीन किती मोठं लागतं?

कारण काम हलकं आहे. त्यासाठी अख्खा संगणक अडकवायची गरज नाही. व्हीएम, म्हणजे मशीनच्या आत सॉफ्टवेअरनं उभं केलेलं दुसरं मशीन, असली की तिचा पूर्ण बॅकअप एका फाइलमध्ये घेता येतो आणि मशीन बिघडलं तर दुसऱ्या मशीनवर ती तासाभरात उभी राहते.

शंभर माणसांपर्यंत २ कोअर, ४ जीबी रॅम आणि ४० जीबी डिस्क पुरते. खालचं मशीन म्हणून ८ किंवा १६ जीबी रॅमचा, एसएसडी असलेला डेस्कटॉप चालतो. त्यावर प्रॉक्समॉक्स हे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर टाकावं. ते डेबियन लिनक्सवर चालतं, फुकट वापरता येतं. बायोसमध्ये इंटेल असेल तर व्हीटी-एक्स आणि एएमडी असेल तर एसव्हीएम सुरू केलेलं हवं. ते बंद असेल तर व्हीएम सुरूच होत नाही, आणि लोक उगाच प्रॉक्समॉक्स पुन्हा पुन्हा टाकत बसतात.

मुनीम रोज वापरतो त्याच विंडोज संगणकात व्हर्च्युअलबॉक्स टाकून हा सर्व्हर ठेवू नका. विंडोज अपडेट झालं, कोणी संगणक बंद केला, कोणी पेन ड्राइव्ह लावला, की पूर्ण ऑफिसचं लॉगिन त्याच्यासोबत बसतं.

ऑफिसात ठेवावा की क्लाउडवर भाड्यानं घ्यावा?

सगळे जण एकाच व्हीपीएन राउटरमधून आत येत असतील तर त्या राउटरशेजारी, ऑफिसात. राउटर आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं बाहेर जात नाही, आणि इंटरनेट गेलं तरी आतल्या लोकांचं लॉगिन चालतं.

शाखा पसरलेल्या असतील, म्हणजे मुख्य कार्यालय जळगावला आणि शाखा रावेर, चोपडा, पाचोऱ्याला, तर भाड्याचा सर्व्हर बरा पडतो. त्यातही एक अडचण तालुक्याच्या गावी नेहमी येते: अनेक ब्रॉडबँड आणि बहुतेक मोबाइल डोंगल कनेक्शनांवर स्वतःचा पब्लिक आयपी मिळत नाही, कंपनी शेकडो ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवते. अशा कनेक्शनवर बाहेरून व्हीपीएन लागणारच नाही, सेटिंग कितीही अचूक असलं तरी. राउटरवर दिसणारा डब्ल्यूएएन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल, तर हेच कारण. स्टॅटिक आयपी मागून घ्यावा, किंवा क्लाउडवर व्हीपीएन उभारावं.

क्लाउड घेतलं तरी रेडिअसचं बोलणं, म्हणजे राउटर पासवर्ड-कोड सर्व्हरकडे तपासायला पाठवतो ते, उघड्या इंटरनेटवरून नेऊ नये. वायरगार्ड या व्हीपीएनच्या बोगद्यातून न्यावं. कारण पुढे येईलच.

सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

एक-दोन लिनक्स सर्व्हरच्या एसएसएचपुरता, म्हणजे दुरून कमांड चालवण्याच्या लॉगिनपुरता, प्रश्न असेल तर वेगळा सर्व्हर उभारूच नका. गूगल ऑथेंटिकेटरचं पीएएम (लिनक्सची लॉगिन तपासणारी व्यवस्था) मॉड्यूल त्याच मशीनवर टाकलं की काम झालं. ते सुरुवातीला आठ आकडी पाच आपत्कालीन कोड देतं. ते कागदावर लिहून तिजोरीत ठेवा.

दहा-वीस माणसं, व्हीपीएन, विंडोज लॉगिन, एखादं वेब पान असं सगळं एका जागी आणायचं असेल तर प्रायव्हसी-आयडिया. हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, २०१४ मध्ये लिनओटीपीपासून वेगळं झालं, पायथॉनमध्ये लिहिलेलं आहे. माणसांची यादी ते अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, एलडॅप अशा खात्यांच्या डिरेक्टरीतून किंवा साध्या डेटाबेसमधून वाचतं, आणि प्रत्येकाची किल्ली स्वतःकडे कूटबद्ध करून ठेवतं. पुढची उत्तरं याच जोडीला धरून आहेत: प्रायव्हसी-आयडिया आणि त्याच्यापुढे राउटरशी रेडिअसमध्ये बोलणारं फ्रीरेडिअस.

उभारणीचा क्रम सांगाल का?

१. प्रॉक्समॉक्सवर व्हीएम बनवा. डिस्क आणि नेटवर्क दोन्ही व्हर्टआयओ प्रकारचे निवडा. "बूटवेळी सुरू कर" यावर खूण करा. ही खूण राहून गेली तर लाइट येऊन मशीन सुरू होतं आणि व्हीएम झोपलेलीच राहते.

२. उबुंटू सर्व्हर टाका. प्रायव्हसी-आयडिया ज्या एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणाऱ्या) आवृत्तीसाठी तयार पॅकेज देतं तीच घ्या, त्याहून नवी घेतली की पायथॉनच्या आवृत्त्या जुळत नाहीत. पत्ता कायमचा द्या, समजा १९२.१६८.१.२०, आणि राउटरच्या डीएचसीपीतून (आपोआप पत्ते वाटणाऱ्या यादीतून) तो आकडा वगळा. नाहीतर एके दिवशी प्रिंटर तोच पत्ता घेऊन बसतो.

३. दुसरं काहीही टाकण्याआधी क्रोनी, म्हणजे इंटरनेटवरून घड्याळ जुळवणारा प्रोग्राम, टाका आणि वेळ जुळल्याची खात्री करा.

४. प्रायव्हसी-आयडियाचं पॅकेज टाका. ते मारियाडीबी, वेब सर्व्हर आणि "एन्ककी" नावाची कूटकिल्ली स्वतः तयार करतं. मग पीआय-मॅनेज या कमांडनं पहिला अ‍ॅडमिन बनवा.

५. वेब पानावर आधी रिझॉल्व्हर, म्हणजे माणसं कुठून वाचायची ते. मग रेल्म, म्हणजे त्या माणसांचा गट. मग नियम: "ओटीपी पिन = यूझरस्टोअर" ठेवलं की माणूस नेहमीचा पासवर्ड आणि त्याला चिकटून सहा अंक एकाच खान्यात टाकतो. मधे जागा सोडायची नाही. पहिल्या आठवड्यातले अर्ध्याहून अधिक फोन या एका जागेपायी येतात असं धरूनच चाला, आणि वापरणाऱ्यांना हे तोंडी न सांगता करून दाखवा.

६. अ‍ॅडमिनसाठी नियम लिहिताना सांभाळा. एकही अ‍ॅडमिन नियम नसतो तोवर अ‍ॅडमिनला सगळं चालतं. पहिला नियम जतन केला की त्यात न लिहिलेलं सगळं बंद. म्हणून पहिला नियम "अ‍ॅडमिनला सर्व हक्क" हाच असावा. चूक झालीच तर सर्व्हरच्या कन्सोलवर पीआय-मॅनेजनं तो नियम बंद करता येतो.

७. फायरवॉल: एसएसएचचा २२ फक्त अ‍ॅडमिनच्या संगणकाला, वेब पानाचा ४४३ फक्त ऑफिसच्या नेटवर्कला, रेडिअसचा यूडीपी १८१२ फक्त व्हीपीएन राउटरला. बाकी बंद.

८. फ्रीरेडिअस टाकून प्रायव्हसी-आयडियाला जोडा. एक चाचणी-वापरकर्ता बनवून रेडटेस्ट या कमांडनं आतूनच तपासा. आतून "अ‍ॅक्सेप्ट" आल्याशिवाय राउटरला हात लावू नका.

राउटर जोडला, पासवर्ड-कोड बरोबर आहेत, तरी नकार येतो. का?

तीन कारणं, साधारण याच क्रमानं.

पहिलं, पडताळणीचा प्रकार. राउटर एमएसचॅप-व्ही२ वापरत असेल तर सर्व्हरकडे पासवर्ड येतच नाही, त्याच्यावरून काढलेलं एक उत्तर येतं. प्रायव्हसी-आयडियाला तर पासवर्ड आणि त्याला जोडलेले सहा अंक वेगळे करायचे असतात. उत्तरातून ते वेगळे होत नाहीत. म्हणून राउटर आणि विंडोजचं व्हीपीएन कनेक्शन, दोन्हीकडे पीएपी निवडा, त्यात पासवर्ड जसाच्या तसा येतो. पीएपी ऐकून लोक दचकतात, पण एलटूटीपी-आयपीसेक किंवा ओपनव्हीपीएनमध्ये वापरणाऱ्यापासून राउटरपर्यंत ते कूटबद्ध बोगद्याच्या आतून जातं. उघडा राहतो तो राउटर ते सर्व्हर हा तुकडा. तिथे पासवर्ड एमडी५ आणि सामायिक गुपित शब्द यांनी झाकलेला असतो, म्हणून तो तुकडा ऑफिसच्या केबलवर किंवा वायरगार्डमध्येच राहिला पाहिजे. गुपित शब्द ३० अक्षरांचा ठेवा. नमुन्यातला "टेस्टिंग१२३" चुकूनही नको.

दुसरं, वाट बघण्याची वेळ. काही राउटरांत रेडिअसच्या उत्तरासाठी मूळ सेटिंग काहीशे मिलिसेकंदांचं असतं. सर्व्हरला डिरेक्टरीतून पासवर्ड तपासायला त्याहून जास्त वेळ लागला की राउटर तीच विनंती पुन्हा पाठवतो, आणि एकदा वापरलेला कोड दुसऱ्यांदा चालत नाही म्हणून नकार मिळतो. ५ सेकंद ठेवा.

तिसरं, जुलै २०२४ मध्ये उघड झालेल्या ब्लास्ट-रेडिअस त्रुटीनंतर फ्रीरेडिअसच्या दुरुस्त आवृत्त्या मेसेज-ऑथेंटिकेटर, म्हणजे विनंती खरी असल्याची खूण, मागू शकतात. जुना राउटर ते पाठवत नसेल तर विनंती टाकून दिली जाते. राउटरचं फर्मवेअर अद्ययावत करा. सर्व्हरवरची अट सैल करू नका.

यांपैकी कोणतं कारण ते अंदाजानं शोधू नका. फ्रीरेडिअसची सेवा थांबवा, मोठ्या एक्सचा पर्याय लावून ती हातानं चालवा आणि लॉगिन करून बघा. ओळीओळीनं सगळं दिसतं: विनंती आली का, कोणत्या पत्त्यावरून आली, पीएपी होती का, नकार कुठल्या पायरीवर मिळाला. विनंतीच दिसली नाही तर फायरवॉल किंवा पत्ता चुकलाय, पुढे शोधायची गरज नाही.

व्हीपीएन बरोबर एका तासानं तुटतं आणि मग खातं लॉक होतं. हे काय?

ओपनव्हीपीएन मूळ सेटिंगप्रमाणे दर ३६०० सेकंदांनी किल्ल्या बदलतं आणि त्या वेळी पासवर्ड पुन्हा तपासतं. संगणक साठवलेला जुना पासवर्ड-कोड पाठवतो, तो तासापूर्वीचा असतो, नकार येतो. संगणक पुन्हा पाठवतो, पुन्हा पाठवतो. प्रायव्हसी-आयडियात एका टोकनला, म्हणजे एका माणसाच्या नोंदवलेल्या किल्लीला, मूळ मर्यादा १० चुकांची आहे. मिनिटाभरात ती भरते आणि टोकन अडतं. सर्व्हरवर ऑथ-जेन-टोकन हा पर्याय लावा, म्हणजे पहिल्या यशस्वी लॉगिननंतर ओपनव्हीपीएन तात्पुरती खूण देतं आणि पुन्हा कोड मागत नाही. आणि सगळ्या संगणकांवर "पासवर्ड लक्षात ठेव" काढून टाका.

घड्याळ जुळवायला इतकं महत्त्व का? इंटरनेटवरून वेळ येतेच ना?

येते, पण नेमकी हवी तेव्हा येत नाही. मे महिन्यातली एक रात्र धरा. दोनला लाइट जाते, पहाटे पाचला येते. डेस्कटॉप सहा-सात वर्षांचा आहे, मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल कधीच संपलेला. मशीन सुरू होतं तेव्हा त्याच्या मते कित्येक वर्षांपूर्वीची तारीख आहे. व्हीएम सुरू होताना वेळ मशीनकडूनच घेते, तीही मागे. राउटर दुसऱ्या खोलीत आहे, तिथला इन्व्हर्टर उतरलेला, म्हणून इंटरनेट अजून नाही. सकाळी दहाला पेढी उघडते आणि एकाचाही कोड चालत नाही. सर्व्हर चालू, वेब पान उघडतंय, पासवर्ड बरोबर, सगळ्या मोबाइलवर कोड दिसताहेत. बिघाड कुठे आहे ते दिसतच नाही.

उपाय स्वस्त आहेत. सेल बदला, दर तीन-चार वर्षांनी, न विचारता. क्रोनी प्रॉक्समॉक्सवर आणि व्हीएममध्ये, दोन्हीकडे चालू ठेवा. फक्त व्हीएममध्ये ठेवून भागत नाही. राउटर, ओएनटी (फायबरचा डबा) आणि सर्व्हर एकाच यूपीएसवर घ्या. वेळ आणण्यासाठी बाहेर जाणारा यूडीपी १२३ अडवलेला नाही ना ते बघा.

क्रोनीची एक खोड माहीत असावी. मूळ सेटिंगप्रमाणे ते सुरू झाल्यावरच्या पहिल्या तीन नोंदींतच घड्याळ एका झटक्यात बसवतं. त्यानंतर फरक पडला तर हळूहळू सरकवतं, जास्तीत जास्त वेगानंसुद्धा एक तासाचा फरक भरायला बारा तास. व्हीएम विराम देऊन दुपारी पुन्हा चालू केली की हेच होतं. क्रोनिक ट्रॅकिंग ही कमांड फरक किती ते दाखवते, क्रोनिक मेकस्टेप लगेच बसवते.

भारतीय प्रमाणवेळ की यूटीसी, यानं कोडला काही होत नाही. सेकंद जगभर तेच. मात्र टाइमझोन चुकीचा असताना कोणी घड्याळ हातानं "दुरुस्त" केलं, तर साडेपाच तासांचा घोळ होतो. वेळेचा स्रोत म्हणून एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांचे सर्व्हर लावा. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही तेच सांगितलं आहे.

आणि एक. फरक पडतो म्हणून मान्य कोडांची खिडकी रुंद करत बसू नका. प्रायव्हसी-आयडियाची मूळ खिडकी १८० सेकंदांची आहे. घड्याळ नीट असेल तर ती ६० पर्यंत आणावी. सहा अंकांत दहा लाख शक्यता असतात, आणि खिडकी जितकी मोठी तितके एकाच वेळी चालणारे कोड जास्त.

उन्हाळा, धूळ, लाइट: इथे मशीन टिकतं का?

टिकतं, जागा नीट निवडली तर. भुसावळ-जळगावकडे मे मध्ये पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्याखालच्या खोलीत मशीन ठेवू नका. जिनिंगमध्ये तर प्रेसच्या हॉलपासून लांबच ठेवा. कापसाचा तंतू पंख्यात आणि हीटसिंकमध्ये नमद्यासारखा बसतो, आणि मशीन गरम होऊन आपोआप बंद पडतं. हंगामात महिन्यातून एकदा ब्लोअरनं साफ करा.

घरगुती इन्व्हर्टरवर ठेवायचं असेल तर त्यावरचं बटण यूपीएस मोडला हवं. साध्या मोडमध्ये बदलायला लागणाऱ्या क्षणात संगणक रीस्टार्ट होतो. यूएसबी केबल असलेला यूपीएस घेतला तर बॅटरी उतरताना मशीन आपण होऊन नीट बंद होईल अशी व्यवस्था करता येते, आणि डेटाबेस मोडत नाही. बायोसमध्ये "लाइट आल्यावर सुरू हो" हेही लावा.

बॅकअप कसा घ्यायचा? स्नॅपशॉट घेतले तर चालेल ना?

अपडेटच्या आधी स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची प्रत, घ्या, अपडेट नीट झालं की काढून टाका. जुन्या स्नॅपशॉटवर परत जाणं इथे धोक्याचं आहे. कोणता कोड वापरून झाला याची नोंद डेटाबेसात असते. मागे गेलात की ती पुसली जाते. वेळेऐवजी मोजणीवर चालणाऱ्या टोकनांचे आधी वापरलेले कोड त्यामुळे पुन्हा चालू लागतात. मधल्या काळात जोडलेले मोबाइल नाहीसे होतात, बंद केलेले हरवलेले मोबाइल मात्र पुन्हा चालू होतात.

रोजचा बॅकअप म्हणजे डेटाबेसचा डंप आणि प्रायव्हसी-आयडियाचा सेटिंग फोल्डर. त्यातली एन्ककी ही फाइल वेगळ्या जागी ठेवा. ती नसेल तर डेटाबेसातल्या किल्ल्या कोणालाही उलगडत नाहीत, तुम्हालाही नाही; सगळ्यांची नोंदणी पहिल्यापासून. आणि ती डेटाबेसाशेजारीच ठेवलेली पेन ड्राइव्ह कोणी उचलली, तर सगळ्यांचे कोड त्याच्या हातात. पूर्ण व्हीएमच्या बॅकअपमध्ये दोन्ही एकत्र असतात, म्हणून तो कूटबद्ध केल्याशिवाय बाहेर नेऊ नका.

तीन महिन्यांतून एकदा बॅकअपवरून व्हीएम उभी करून बघा, पण नेटवर्कची केबल तोडून. दोन जुळे सर्व्हर एकाच पत्त्यावर बोलू लागले तर काय बिघडलं ते कळायला दिवस जातो.

क्यूआर कोडचा फोटो शाखेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला तर?

टाकू नका. त्या चित्रात पूर्ण किल्ली आहे. ग्रुपमधल्या कोणीही तो स्कॅन केला की त्याच्याही मोबाइलवर तेच कोड दिसतात, कायमचे, आणि सर्व्हरला ते कळत नाही. ग्रुपवरून फोटो डिलीट केला तरी गॅलरीत राहतो. चूक झाली असेल तर ते टोकन रद्द करून नवं द्यावं. नोंदणी समोर बसवून करा. माणूस लांब असेल तर त्याला आधी (पुढे सांगितलेल्या पासथ्रू सवलतीनं) व्हीपीएनमध्ये घेऊन स्वतःच्या स्क्रीनवर करू द्या.

अ‍ॅप कोणतंही चालतं: गूगल, मायक्रोसॉफ्ट, एजिस, फ्रीओटीपी. सेटिंग मात्र एसएचए१ (घुसळण्याची पद्धत), सहा अंक, तीस सेकंद हेच ठेवा. जास्त सुरक्षित म्हणून एसएचए२५६ आणि आठ अंक निवडले, तर काही अ‍ॅप ते न वाचता आपलं जुनंच गणित करतात. एसएचए१ मधल्या ज्या त्रुटीचा गाजावाजा झाला, ती या वापराला लागू होत नाही.

ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे त्यांचं काय?

किल्लीच्या जुडग्याला लावायचं छोटं हार्डवेअर टोकन मिळतं. विकणारा किल्ल्यांची फाइल देतो, ती सर्व्हरवर चढवायची आणि मग पुसायची. क्वचितच लॉगिन करणाऱ्याला छापील कोडांची यादीही देता येते, एक वापरला की खोडायचा. दुसऱ्याच्या मोबाइलवर टोकन लावून द्यायचं मात्र नाही. चौघं मिळून "अ‍ॅडमिन" या एकाच नावानं टॅलीत येत असतील तर आधी चार नावं करा.

मोबाइल हरवला, किंवा दिवाळीत नवा घेतला?

नवा घेतलेला जास्त त्रास देतो, कारण जुना दुकानात एक्स्चेंजला देऊन झाल्यावर लक्षात येतं. दसऱ्याच्या आधीच सगळ्यांना सांगून ठेवा: जुना फोन द्यायच्या आधी ऑफिसला या.

हरवला तर फोनवर आवाज ओळखून नवं टोकन देऊ नका. समोर बोलवा, किंवा त्याच्या वरिष्ठाकडून खात्री करून घ्या. जुनं टोकन लगेच बंद करा, पण डिलीट करू नका. नंतर ते कोणी वापरायचा प्रयत्न केला का, हे नोंदींत दिसायला हवं.

सगळ्यांना एकाच दिवशी जोडावं का?

पाच-पाच जणांना जोडा, आणि मार्चअखेर टाळा. या काळासाठी प्रायव्हसी-आयडियात पासथ्रू नावाची सवलत आहे: ज्याला टोकन नाही तो नुसत्या पासवर्डवर आत जातो. पीएएम मॉड्यूलमध्ये हेच काम नलओके करतं. ही सवलत बंद करायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. ती चालू राहिली तर ज्यांनी टोकन घेतलं नाही त्यांची दारं उघडीच, आणि नेमका तोच पासवर्ड फुटतो.

"कोड चुकीचा दाखवतोय भो," असा सकाळी फोन आला. सुरुवात कुठून?

आधी विचारा: एकाचाच अडलाय की सगळ्यांचा?

सगळ्यांचा असेल तर सर्व्हरची वेळ, मग व्हीएम चालू आहे का, मग डिस्क भरली का. लॉगिनच्या नोंदींचा तक्ता वाढत जातो आणि डिस्क भरली की डेटाबेस लिहायचं थांबवतो. मग बरोबर कोडही नाकारला जातो.

एकाचाच असेल तर मोबाइलची तारीख-वेळ "आपोआप" वर आहे का ते बघा. मग चुकांची मर्यादा भरलीय का. वेब पानावर ती शून्य करता येते. मग अ‍ॅपमध्ये एकाच नावाच्या दोन नोंदी आहेत का. पुन्हा नोंदणी केल्यावर जुनी तशीच राहते आणि माणूस वरचीच बघून कोड टाकतो. शेवटी पासवर्ड आणि कोड यांच्यातली ती रिकामी जागा.

हा सर्व्हरच बंद पडला तर आम्ही सगळे बाहेर?

आधी व्यवस्था केली नसेल तर हो. प्रॉक्समॉक्सच्या कन्सोलचं लॉगिन या सर्व्हरवर अवलंबून ठेवू नका. नाहीतर सर्व्हर सुरू करायला कोड लागतो आणि कोड तपासायला सर्व्हर. राउटरवर एक स्थानिक खातं ठेवा, ऑफिसच्या आतूनच चालणारं, लांब पासवर्डचं. तो पासवर्ड सीलबंद पाकिटात, तिजोरीत, पाकिटावर दोघांच्या सह्या. पाकीट फोडलं की काम झाल्यावर पासवर्ड बदलायचा. जिथे एक तासही थांबून चालत नाही, त्यांनी दुसऱ्या मशीनवर दुसरी व्हीएम उभारून डेटाबेस जुळता ठेवावा आणि राउटरवर दोन्ही पत्ते द्यावेत.

नोंदी किती दिवस ठेवायच्या?

सर्ट-इनच्या त्याच निर्देशांनुसार १८० दिवस, भारतातच. सायबर हल्ल्यासारखी घटना घडली तर कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवायचं असतं. पीआय-मॅनेजमध्ये जुन्या नोंदी काढायची सोय आहे. १८० दिवसांहून जुन्या नोंदी रोज रात्री निघतील असं वेळापत्रक लावा.

दुहेरी पडताळणी असताना कोणी फसवू शकतं का?

शकतं. हुबेहूब दिसणारं खोटं लॉगिन पान बनवून पासवर्ड आणि कोड दोन्ही घेतले आणि त्याच तीस सेकंदांत खऱ्या पानावर टाकले, तर सर्व्हरला फरक कळत नाही. मोठ्या रकमांना हात लावणाऱ्या दोन-चार जणांना यूएसबीची फिडो२ किल्ली द्या. ती पानाचा खरा पत्ता जुळल्याशिवाय उत्तरच देत नाही. त्यासाठी सर्व्हरला डोमेनचं नाव आणि वैध एचटीटीपीएस प्रमाणपत्र लागतं, नुसत्या आयपीवर ती चालत नाही.

माणूस काम सोडून गेला की काय काय करायचं?

त्याच दिवशी टोकन बंद, डिरेक्टरीतलं खातं बंद, व्हीपीएनचं चालू कनेक्शन तोडणं. आधीच जोडलेला माणूस खातं बंद केल्यानं आपोआप बाहेर पडत नाही. हार्डवेअर टोकन परत घ्यायचं. तो अ‍ॅडमिन असेल तर रेडिअसचा गुपित शब्द आणि तिजोरीतल्या पाकिटातला पासवर्डही बदलायचा.